काट्यावरचा शिक्का वाचायला शिकूया

पाकिटावर हलालचं चिन्ह आहे की नाही, हे आता आपल्या घरातली लहान मुलंसुद्धा बघतात. बिस्किटाचा पुडा उलटा करून त्यात जिलेटिन कुठलं, चरबी कुठली, हे वाचायची सवय आपल्याला लागली आहे. चांगली सवय आहे. पण तो पुडा ज्या दुकानातून घेतला, त्या दुकानातल्या वजनकाट्यावरचा शिक्का आपल्यापैकी किती जणांनी वाचला असेल? हॉटेलात बिर्याणी खाताना कोपऱ्यातल्या लाल अग्निशामक नळकांड्यावरची तारीख? घरात गॅसवाला सिलिंडर ठेवून जातो, त्याच्या गळ्याजवळच्या पट्टीवरची अक्षरं?

ही सगळी तपासणीची लेबलं आहेत. अगदी साधी, मळकट, नजरेसमोर असूनही न दिसणारी. कुणीतरी जबाबदार माणसाने ही वस्तू अमुक दिवशी तपासली किंवा अमुक तारखेपर्यंत तपासली पाहिजे, एवढंच ती सांगतात. पण आपला पैसा आणि कधी कधी आपला जीवही या चार अक्षरांवर अवलंबून असतो. म्हणून आज या लेबलांची ओळख करून घेऊया. ग्राहक म्हणून तर हवीच, आणि आपल्यातल्या ज्या हजारो घरांची रोजी दुकानावर, गाडीवर, बेकरीवर, मटणाच्या किंवा भंगाराच्या धंद्यावर चालते, त्यांना ती जास्तच हवी.

मापाचा मामला दीनचाही आहे

कुरआन शरीफची 83 वी सूरह ‘अल-मुतफ्फिफीन’ या नावाने ओळखली जाते. मुतफ्फिफीन म्हणजे माप देताना कमी देणारे. एका संपूर्ण सूरहला हे नाव मिळावं, यावरूनच या गुन्ह्याचं गांभीर्य कळतं. हजरत शुऐब अलैहिस्सलाम यांनी मदयनच्या लोकांना तौहीदच्या दावतीबरोबर कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, तर माप आणि तोल पुरा द्या. आपले उलमा हा मामला हुकूकुल इबादमध्ये, म्हणजे बंद्यांच्या हक्कांमध्ये धरतात. नुसती तौबा करून तो मिटत नाही. ज्याचा हक मारला त्याला तो परत द्यावा लागतो. आता किलोमागे वीस ग्रॅम कमी दिलेल्या शेकडो गिऱ्हाइकांना शोधणार तरी कुठे?

इस्लामी शहरांमध्ये बाजारावर नजर ठेवायला ‘मुहतसिब’ नावाचा अधिकारी असायचा. तराजू, वजनं, दुधातली भेसळ, नानबाईच्या रोटीचं वजन, हे सगळं तो तपासायचा. इसवी सनाच्या आठव्या शतकातल्या मिसरमधल्या काचेच्या मोहोरा आजही जगातल्या मोठ्या संग्रहालयांत ठेवलेल्या आहेत. तेल किंवा डाळ मोजायच्या भांड्याला ही काचेची मोहोर चिकटवलेली असे. तिच्यावर अंमलदाराचं नाव आणि ते माप कशाचं आहे, हे लिहिलेलं असे. म्हणजे आपल्या किराणा दुकानातल्या काट्यावरचा शिक्का ही काही इंग्रजांनी आणलेली नवी भानगड नव्हे. बाजार जितका जुना, तितकी ही गरज जुनी.

काट्यावरचा शिक्का कसा वाचायचा

आपल्या देशात 1956 च्या कायद्याने मेट्रिक पद्धत आली आणि शेर, छटाक, तोळा हळूहळू व्यवहारातून गेले. तरी आपल्या नानी-दादी अजून ‘पावशेर’च म्हणतात! आज या विषयाचा मुख्य कायदा म्हणजे वैध मापन शास्त्र अधिनियम, 2009. तो 1 एप्रिल 2011 पासून लागू झाला. महाराष्ट्रात हे काम राज्य सरकारची वैध मापन शास्त्र यंत्रणा करते. जुने दुकानदार तिला ‘वजनमापे खातं’ म्हणतात आणि तिथल्या कामाला ‘काटा पासिंग’. सरकारी भाषेत त्याला पडताळणी व मुद्रांकन म्हणतात.

निरीक्षक काटा तपासतो, बरोबर असेल तर त्याच्यावर शिक्का मारतो आणि प्रमाणपत्र देतो. त्या शिक्क्यात निरीक्षकाची ओळख सांगणारी खूण असते, वर्ष असतं आणि तिमाहीचं एक अक्षर असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. शिक्क्यावर 25 आणि सी दिसलं, तर तो काटा 2025 च्या जुलै ते सप्टेंबरमध्ये तपासला गेला.

हा शिक्का किती दिवस चालतो? नियम सोपा आहे.

– इलेक्ट्रॉनिक काटा: 12 महिने.
– साधी तागडी, लोखंडी आणि पितळी वजनं, दुधा-तेलाची मापं, कापड मोजायचा मीटर: 24 महिने.
– पेट्रोल पंपाचं यंत्र: 12 महिने.

यात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची. काटा बिघडला, दुरुस्तीसाठी उघडला आणि सील तुटलं, तर मुदत शिल्लक असली तरी तो पुन्हा पासिंग करून घ्यावा लागतो. ‘अजून सहा महिने बाकी आहेत’ हे उत्तर तिथे चालत नाही.

शिक्का शोधायचा कुठे? इलेक्ट्रॉनिक काट्याच्या अंगाला एक बारीक तार ओवलेली असते आणि तिला शिशाची गोळी किंवा पट्टी असते. शिक्का तिच्यावर असतो. त्या तारेचं काम असं की, काटा उघडून आतली जुळवणी बदलायची झाली, तर तार तोडावीच लागते. तार तुटलेली किंवा गोळी गायब असेल, तर काटा मध्ये कुणीतरी उघडलेला आहे, एवढं नक्की. लोखंडी वजन उलटं करून बघा. खालच्या खळग्यात शिसं भरलेलं असतं आणि शिक्का त्या शिशावर असतो. शिसं पडून खळगा रिकामा झाला असेल, तर ते वजन हलकं झालेलं आहे. दगड, नटबोल्ट किंवा बॅटरीचा सेल वजन म्हणून ठेवला असेल, तर शिक्क्याचा प्रश्नच येत नाही. तो व्यवहारच कायद्याबाहेरचा आहे.

आणि सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे पडताळणीचं प्रमाणपत्र. ते दुकानात गिऱ्हाइकाला दिसेल अशा जागी लावायचं असतं. कपाटातल्या फाइलीत ठेवून उपयोग नाही.

काट्याच्या पट्टीवरचे तीन शब्द

शिक्क्याशिवाय काट्यावर बनवणाऱ्याने लावलेली एक पट्टी असते. तिच्यावर ‘मॅक्स’, ‘मिन’ आणि ‘ई’ असं लिहून पुढे आकडे असतात. मॅक्स म्हणजे जास्तीत जास्त किती वजन करता येईल. ई म्हणजे काटा किती ग्रॅमच्या टप्प्याने मोजतो. आणि मिन म्हणजे कमीत कमी किती वजन त्याच्यावर करावं. हे मिन फार कमी लोकांना माहीत असतं.

समजा, किराणा दुकानात 30 किलोचा काटा आहे आणि त्याचा ई 5 ग्रॅम आहे. तो आकडा पाचा-पाचाच्या टप्प्यानेच दाखवणार. 248 ग्रॅम माल ठेवला तरी तो 250 दाखवू शकतो. यात दुकानदाराची लबाडी नाही, काट्याचा तो स्वभाव आहे. दुकानात वापरतात त्या तिसऱ्या वर्गाच्या काट्याला ‘ई’च्या वीसपट वजन ही खालची हद्द असते. म्हणजे या काट्यावर 100 ग्रॅमच्या खालचं वजन करणं बरोबर नाही. शिरखुर्म्यासाठी 50 ग्रॅम चारोळी किंवा बिर्याणीसाठी 20 ग्रॅम वेलची त्याच्यावर तोलून घेतली, तर पाच ग्रॅमचा फरकसुद्धा पैशाच्या हिशेबाने मोठा पडतो. अशा महाग मालासाठी दुकानदाराने 1 ग्रॅमच्या टप्प्याचा छोटा काटा ठेवावा. त्याची खालची हद्द 20 ग्रॅम येते.

घरात केक-बिस्किटाचं सामान मोजायला ऑनलाइन मिळणारा स्वस्त काटा धंद्यासाठी नसतो. व्यापाराच्या काट्याला सरकारची नमुना मान्यता लागते आणि तिचा क्रमांक पट्टीवर छापलेला असतो. घरून केक, लोणचं, मसाले विकणाऱ्या आपल्या भगिनींनी हे खास लक्षात घ्यावं. विक्री सुरू झाली की काटाही धंद्याचाच पाहिजे.

शिक्का आहे, तरी डोळे उघडे

शिक्का म्हणजे काय, तर त्या दिवसाची साक्ष. तपासलं त्या दिवशी काटा बरोबर होता. आज तो हाताळणारा माणूस बरोबर तोलतो की नाही, हे शिक्का सांगत नाही. मराठीत ‘काटा मारणे’ हा शब्दप्रयोग उगाच पडलेला नाही.

म्हणून काही गोष्टी आपल्याच बघायच्या. माल ठेवण्याआधी पडद्यावर शून्य आहे का? काटा सपाट जागेवर आहे का? पुष्कळ काट्यांवर पाण्याचा छोटा बुडबुडा असतो, तो गोलाच्या मधोमध हवा. रमजानमध्ये इफ्तारच्या आधी फळांच्या गाडीवर झुंबड उडते. गाडी एका बाजूला कललेली, काटा त्याच्यावर तिरका. दोघांनाही घाई असते, आणि माप चुकायला तेवढं पुरतं. काट्याचा पडदा गिऱ्हाइकाकडेही दिसायला हवा. मिठाई घेताना खोक्याचं वजन मिठाईच्या भावात धरता येत नाही. आधी रिकामा खोका ठेवून आकडा शून्यावर आणायचा, मग मिठाई भरायची. मटणाच्या दुकानात पारड्यात जाड कागद किंवा पिशवी असेल, तिथेही हाच नियम.

आकड्यातच बघायचं तर एक उदाहरण घेऊ. एखाद्या कुटुंबाने महिन्याला भाजी, फळं, धान्य, मटण मिळून 40 किलो माल तोलून घेतला आणि किलोमागे फक्त 20 ग्रॅम कमी आलं, तर महिन्याला 800 ग्रॅम गेलं. वर्षाला साडेनऊ किलोच्या वर. एकदम कुणी साडेनऊ किलोची पिशवी उचलून नेली असती, तर आपण मोहल्ला डोक्यावर घेतला असता.

आणि हे उलट्या बाजूनेही लागू आहे. रद्दी-भंगार विकताना तोलणारा विकत घेणारा असतो. तिथे वजन कमी दिसलं की नुकसान घरातल्या बाईचं. हातात धरायच्या स्प्रिंगच्या काट्यालाही पडताळणी लागते. भंगाराच्या धंद्यात आपले पुष्कळ भाई आहेत. त्यांनी आपला काटा वेळेवर पासिंग करून घेतला आणि प्रमाणपत्राची प्रत गाडीवर लावली, तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाणारच नाही.

सोनं, जकात आणि कुर्बानीचे हिस्से

सराफाच्या काट्याचा वर्ग वेगळा असतो. किराण्याचा काटा तिसऱ्या वर्गाचा चालतो, सोन्याचांदीसाठी मात्र दुसऱ्या किंवा त्याहून वरच्या वर्गाचा लागतो. वर्गाचा रोमन आकडा पट्टीवर लंबगोलात छापलेला असतो. दोन उभ्या रेघा म्हणजे दुसरा वर्ग. सराफाकडे पुढच्या वेळी गेलात, तर एवढं बघाच.

जकातीचा हिशेब तर वजनावरच उभा आहे. आपल्याकडे साडेसात तोळे सोनं म्हणजे 87.48 ग्रॅम आणि साडेबावन्न तोळे चांदी म्हणजे 612.36 ग्रॅम, असा निसाब धरला जातो. दागिने या हद्दीच्या आसपास असतील, तर स्वयंपाकघरातल्या काट्यावर भरवसा ठेवू नका. पडताळणी झालेल्या सराफी काट्यावर तोलून घ्या, खड्यांचं वजन वेगळं काढायला सांगा आणि मग आपल्या आलिमांना मसला विचारा. दागिन्यावरचा हॉलमार्क हेही तपासणीचंच लेबल आहे. 1 एप्रिल 2023 पासून नव्या विक्रीसाठी सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक सक्तीचा झाला आहे. तो इतका बारीक असतो की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून सराफाने गिऱ्हाइकासाठी भिंग ठेवायचं असतं. मागून घ्या, त्यात संकोच कसला?

बकरी ईदला मोठ्या जनावरात सात हिस्सेदार असतात. हनफी फिकहमध्ये अशा हिस्सेदारांमध्ये गोश्त अंदाजाने न वाटता तोलून वाटायला सांगितलं आहे. घरातले तीन भाग करताना इतका काटेकोरपणा लागत नाही, पण सात मालकांचा मामला हकाचा आहे. सामूहिक कुर्बानीचं काम बघणाऱ्या जमातींनी ईदच्या आधीच चांगल्या काट्याची सोय करून ठेवावी. आयत्या वेळी कुणाच्या तरी घरचा जुना काटा शोधण्याची वेळ येऊ देऊ नये.

सिलिंडरवरची अक्षरं: वाचायची पद्धत उलटी

गॅस सिलिंडरच्या गळ्याभोवती, कड्याला आधार देणाऱ्या पट्ट्या असतात. त्यातल्या एकीच्या आतल्या बाजूला ‘बी-28’ किंवा ‘डी-27’ असं रंगवलेलं असतं. अक्षरं तीच, तिमाही तीच, पण अर्थ उलटा. काट्यावरचा शिक्का मागे बघतो, म्हणजे तपासणी कधी झाली ते सांगतो. सिलिंडरवरचं अक्षर पुढे बघतं, म्हणजे पुढची तपासणी कधीपर्यंत करायची ते सांगतं. बी-28 म्हणजे 2028 च्या जूनअखेरपर्यंत या सिलिंडरची चाचणी व्हायला हवी.

ही गॅसची ‘एक्स्पायरी’ नव्हे. गॅस खराब होत नाही. लोखंडी टाकी दाब सहन करायला मजबूत राहिली आहे का, याची ती तारीख आहे. नव्या घरगुती सिलिंडरची पहिली चाचणी दहा वर्षांनी होते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी. तारीख उलटून गेलेला सिलिंडर घरी आला, तर तो घेऊ नका, बदलून मागा. तो तुमचा हक आहे. हे काम ज्या केंद्रीय संस्थेच्या नियमांखाली चालतं, ती पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना म्हणजे ‘पेसो’. तिचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

सिलिंडरवर रिकाम्या टाकीचं वजनही लिहिलेलं असतं. त्यात 14.2 किलो मिळवलं की भरलेल्या घरगुती सिलिंडरचं वजन आलं. शंका वाटली तर गॅसवाल्या भाईला तोलून दाखवायला सांगा. हॉटेल, बेकरी, नाश्त्याच्या गाडीवर 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडरच वापरायचा असतो. घरगुती सिलिंडर तिथे लावणं हा गुन्हा आहे. रेग्युलेटरपासून शेगडीपर्यंतच्या नळीवरही साल छापलेलं असतं. कढईजवळ तेलकट होऊन कडक झालेली, चिरा पडलेली नळी दिसली, तर सालाचीही वाट बघू नका.

लाल नळकांडं शोभेसाठी नाही

दुकान, हॉटेल, लग्नाचा हॉल, क्लासेस, मदरसा, मशीद, सगळीकडे भिंतीवर अग्निशामक टांगलेला असतो. बहुतेक ठिकाणी तो लावला त्या दिवशीच शेवटचा बघितलेला असतो. त्याच्या अंगावर एक कागदी लेबल असतं. भरल्याची तारीख, पुन्हा भरायची तारीख आणि टाकीच्या दाबचाचणीची तारीख त्याच्यावर लिहायची असते. लेबल कोरं असेल किंवा अक्षरं उडून गेली असतील, तर तारीख उलटली असंच समजा.

पावडरच्या अग्निशामकावर घड्याळासारखी छोटी तबकडी असते. काटा हिरव्या पट्ट्यात असला पाहिजे. लाल पट्ट्यात गेला, तर आतला दाब गेला. कार्बन डायऑक्साइडच्या अग्निशामकावर मात्र तबकडी नसते, त्याच्या पुढे काळा भोंगा असतो. तो भरलेला आहे की नाही, हे वजनावरूनच कळतं. म्हणजे इथेही शेवटी काट्याशीच गाठ! पिन आणि तिच्यावरचं सील शाबूत आहे का, नळीत कोळ्याने जाळं केलंय का, समोर पोत्यांची थप्पी लावलीय का, हे बघायला काही शिक्षण लागत नाही.

महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 लागू आहे. या कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या इमारतीच्या मालकाने किंवा ताबेदाराने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैमध्ये, परवानाधारक एजन्सीकडून अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला घेऊन द्यायचा असतो. त्याला ‘फॉर्म बी’ म्हणतात. शादी हॉल बुक करताना आपण एसी, पार्किंग, जेवणाचं ताट, सगळं विचारतो. त्याच दमात ‘या सहामाहीचा फॉर्म बी झालाय का?’ एवढंही विचारायला काय हरकत आहे? पाचशे पाहुण्यांची जबाबदारी यजमानावर असते.

पेट्रोल पंपावर

पंपाच्या यंत्रालाही पडताळणीचा शिक्का आणि सील असतं. गिऱ्हाइकाने मागितलं, तर 5 लिटरच्या शिक्का मारलेल्या मापात पेट्रोल ओतून दाखवावं लागतं. पाच लिटरला 25 मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो, त्याहून जास्त कमी भरलं तर तक्रार करता येते. रिक्षा, टेम्पो चालवणाऱ्यांचा रोजचा खर्च इथेच होतो. त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

विचारायचं कसं?

आपल्याकडे खरी अडचण कायद्याची नाही, शरमेची आहे. दुकानदार ओळखीचा असतो, कधी नात्यातला, कधी एकाच सफमध्ये नमाज पढणारा. ‘काट्याचं प्रमाणपत्र दाखवा’ म्हटलं तर त्याला वाईट वाटेल, आपण त्याच्यावर शक घेतोय असं होईल, म्हणून आपण गप्प बसतो. आम्हाला वाटतं, इथे विचाराची दिशाच बदलायला हवी. शिक्का विचारणं हा माणसावरचा शक नाही. काटा यंत्र आहे. इमानदार माणसाचाही काटा बिघडतो, आणि बिघडला हे त्याला कळतही नाही. आपण विचारलं म्हणून त्याने तपासला, तर आपण त्याला नकळत होणाऱ्या हकतलफीतून वाचवलं.

आवाज न चढवता विचारा. ‘चाचा, यंदा काटा पासिंग झाला का?’ एवढं पुरे. झाला असेल तर चाचा अभिमानाने प्रमाणपत्राकडे बोट दाखवतील. नसेल तर पुढच्या वेळेपर्यंत करून घेतील. वारंवार सांगूनही कुणी टाळत असेल, जाणूनबुजून कमी तोलत असेल, तर जिल्ह्याच्या वैध मापन शास्त्र कार्यालयात लेखी तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांकही आहे. बिल, दुकानाचं नाव, तारीख आणि जमलं तर काट्याचा फोटो जवळ ठेवा.

दुकानदार भाइयांना आमचं एवढंच सांगणं आहे. पासिंगची तारीख मोबाइलमध्ये महिनाभर आधीची गजर लावून ठेवा. बाजारपेठेत पडताळणीची शिबिरं भरतात, तिथे काम लवकर होतं. परवाना असलेल्या दुरुस्ती करणाऱ्याकडूनच काटा उघडवा. दर जुम्म्याला दुकान लावताना शिक्का मारलेलं एक किलोचं वजन आपल्याच काट्यावर ठेवून बघा. एक मिनिटाचं काम आहे. प्रमाणपत्र गल्ल्याच्या वर लावा. बरकतीच्या दुवेची तख्ती आपण लावतोच, तिच्या शेजारी हा कागद शोभून दिसेल.

मशिदी आणि मदरशांच्या ट्रस्टींनी एक साधी वही करावी. अग्निशामक किती, भरायची तारीख कधी, मतबखातले सिलिंडर कुठल्या तिमाहीचे, धान्य तोलायचा काटा कधी पासिंग झाला. मदरशात मुलं झोपतात, त्यांचे आईबाप दूरच्या गावी असतात. ती मुलं आपल्याकडे अमानत आहेत.

या महिन्यात घरातल्या मुलांना एक काम द्या. सिलिंडरवरचं अक्षर, शाळेतल्या अग्निशामकाची तारीख आणि कोपऱ्यावरच्या दुकानातल्या काट्याचा शिक्का, या तीन गोष्टी शोधून आणायला सांगा. मुलं खेळ म्हणून करतील आणि विसरणार नाहीत. त्यातली काही उद्या स्वतः दुकानात गल्ल्यावर बसतील, तेव्हा काट्याची तारीख त्यांना दुसऱ्या कुणी आठवण करून द्यावी लागणार नाही.